पुस्तक मिटल्यावर किती उरतं? परीक्षेच्या अभ्यासाची पद्धत

धडा तीनदा वाचून झालेला असतो, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारलेल्या असतात, वाचताना सगळं समजतही असतं. पेपरात मात्र नेमका तोच प्रश्न येतो आणि चार ओळींपुढे पेन सरकत नाही. मग 'माझ्या लक्षातच राहत नाही' असं म्हणून पुढच्या वेळी तोच धडा पाचदा वाचायचं ठरतं. दोष बहुतेक वेळा स्मरणशक्तीचा नसतो. घरी सराव झाला वाचण्याचा आणि परीक्षा होती आठवून लिहिण्याची, एवढंच घडलेलं असतं.

ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. दोन-तीनदा वाचलेली ओळ पुन्हा समोर आली की ती झरझर वाचली जाते, आणि त्या झरझर वाचण्यालाच आपण 'येतंय' असं समजतो. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हे नीट तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक दोनदा वाचायचा, दुसरा एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यातलं ८१ टक्के आठवलं आणि लिहून काढलेल्यातलं ७५ टक्के. म्हणजे वाचणंच बरं, असं वाटावं. पण ज्यांना आठवड्यानंतर विचारलं त्यांच्याबाबतीत पारडं फिरलं: दोनदा वाचलेलं ४२ टक्के उरलं होतं, लिहून काढलेलं ५६ टक्के. आणि लिहिल्यावर त्यांच्या चुकाही कुणी दाखवल्या नव्हत्या.

पुन्हा पुन्हा वाचण्याचा फायदा लगेच जाणवतो आणि लवकर विरतो, म्हणूनच ती सवय सुटत नाही. खाली जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं करताना आधी जड जाईल, आपल्याला काही येत नाही असंही वाटेल. तरी ते करा.

कोऱ्या कागदाची पद्धत

एका बैठकीला अख्खा धडा घेऊ नका. एका मुद्द्याभोवती फिरणारी चार-पाच पानं घ्या आणि ती एकदा सावकाश, समजून वाचा. पंधरा-वीस मिनिटं लागतील. न समजलेला शब्द, न पटलेली पायरी तिथेच सोडवा, कारण न समजलेलं पाठ करणं हे सगळ्यात महागडं काम आहे. मग पुस्तक मिटून नजरेआड ठेवा. शेजारी उघडं असलं की डोळे तिकडे जातातच.

पाचेक मिनिटं दुसरं काहीतरी करा, पाणी प्या, टेबल आवरा. वाचल्या वाचल्या लिहायला बसलात तर शेवटची वाक्यं अजून कानात घोळत असतात आणि आठवण्याचे कष्टच पडत नाहीत. आता कोरा कागद घ्या, वर विषय आणि तारीख टाका आणि आठ-दहा मिनिटांत आठवेल ते उतरवा. पूर्ण वाक्यांची गरज नाही. मुद्दे, बाण, आकृती, सूत्रं, सनावळ्या चालतील. क्रम चुकला तरी बिघडत नाही.

अडलात की लगेच पुस्तक उघडावंसं वाटेल. एक मिनिट थांबा. याच्या आधी काय होतं, आकृती पानाच्या कोणत्या बाजूला होती, उदाहरण कशाचं दिलं होतं, असं आजूबाजूनं शोधत या. ही धडपड हाच अभ्यासाचा गाभा आहे. शेवटी आठवलं नाही तरी ते मिनिट वाया जात नाही. शोधून न सापडलेली गोष्ट पुस्तकात पुन्हा दिसली की डोक्यात जास्त घट्ट बसते.

त्यानंतर पुस्तक उघडा आणि लाल शाईनं दुरुस्ती करा. राहिलेलं भरा, चुकलेलं खोडून बरोबर लिहा. ही पायरी अनेक जण गाळतात आणि तिथेच नुकसान होतं, कारण चुकीचं आठवलेलं तपासलं नाही तर तेच पक्कं होतं.

जवळून पाहू. समजा, हृदयातल्या रक्ताभिसरणाचा भाग आहे. कागदावर असं उतरतं: 'शरीराकडून रक्त, उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुसं, डावं अलिंद, डावं निलय, पुन्हा शरीर. धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त, शिरेत ऑक्सिजन कमी असलेलं.' लिहिणाऱ्याला वाटतं, जमलं. पुस्तक उघडल्यावर दिसतं की झडपा राहिल्या, म्हणजे उजव्या बाजूची त्रिदली आणि डाव्या बाजूची द्विदली. महाधमनी, फुप्फुस धमनी ही नावंही नाहीत. आणि शेवटचं वाक्य तर चूकच आहे. फुप्फुस धमनी कमी ऑक्सिजनचं रक्त फुप्फुसांकडे नेते आणि फुप्फुस शिरा ऑक्सिजनयुक्त रक्त हृदयाकडे आणते. धमनी म्हणजे हृदयापासून रक्त दूर नेणारी वाहिनी. आत रक्त कोणतं आहे यावर तिचं नाव ठरत नाही. हा धडा आणखी दहा वेळा वाचला असता तरी ही चूक पकडली गेली नसती, कारण वाचताना आपण प्रत्येक बरोबर वाक्याला मान डोलावत पुढे जातो. कागदावर मात्र ती स्वतःच्या अक्षरात समोर येते.

हे तीन लाल मुद्दे म्हणजे उद्याच्या उजळणीची सुरुवात. उद्या पुन्हा कोरा कागद, पण आधी हे तीन मुद्दे आठवायचे, मग बाकीचा भाग. पहिल्या दिवशी अर्धा कागद लाल होतो. त्यानं खचू नका. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत लाल शाई कमी होत जाते, आणि किती तास बसलो यापेक्षा ती किती कमी झाली यावरूनच अभ्यासाचा अंदाज घ्यावा. हे कागद फेकू नका, विषयवार फाइलीत लावा. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तकापेक्षा हीच फाइल जास्त कामाला येते.

लिहायचा कंटाळा आला तर मोठ्यानं बोलून सांगा, जणू समोर कुणीतरी बसलं आहे. फक्त 'मनातल्या मनात आठवलं' हे मानू नका. मन अर्ध्या वाक्यावरच 'हे येतंय' म्हणून पुढे उडी मारतं.

सुट्या गोष्टींसाठी कार्डं

व्याख्या, सूत्रं, सनावळ्या, परकीय भाषेतले शब्द, रासायनिक चिन्हं अशा सुट्या गोष्टींना कोऱ्या कागदापेक्षा कार्डं सोयीची. पुढे प्रश्न, मागे उत्तर. कार्ड बनवताना एकच चूक सगळे करतात, ती म्हणजे एका कार्डावर खूप काही कोंबणं. 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय, सांगा' या कार्डाचं उत्तर आठ ओळींचं होतं आणि त्यातलं अर्धं आलं तर ते बरोबर की चूक हेच ठरवता येत नाही. त्याऐवजी 'प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कशातून येतो?' असं विचारा. उत्तर एकच: पाण्यातून. हो किंवा नाही असं उत्तर येणारे प्रश्नही टाळा. तिथे अंदाजानंच निम्मे बरोबर येतात.

कार्डांसाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७२ मध्ये मांडलेली खोक्यांची पद्धत अजूनही सगळ्यात सोपी आहे. तीन खोकी किंवा तीन पाकिटं घ्या. पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्यानं. उत्तर आलं की कार्ड पुढच्या पाकिटात, चुकलं की कितीही पुढे गेलेलं असो, थेट पहिल्यात. यामुळे येणाऱ्या गोष्टींवर वेळ जात नाही आणि न येणाऱ्या चुकवता येत नाहीत. रोज नवी कार्डं पंधरा-वीसपेक्षा जास्त वाढवू नका, नाहीतर आठवड्यात पहिलं पाकीट इतकं फुगतं की ते उघडावंसंच वाटत नाही.

उजळणी कधी

हर्मान एबिंगहाउस यानं स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरगट पाठ करून, विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सगळ्यात जास्त असतो, मग तो मंदावत जातो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. 'पोर्शन संपला की उजळणी करू' असं म्हणणाऱ्याला दोन महिन्यांनी पहिला धडा जवळजवळ नव्यानं शिकावा लागतो.

त्यानंतर अंतर वाढवत न्यायचं. किती? २००८ साली निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक जणांवर केलेल्या अभ्यासातून दिसलं की योग्य अंतर परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. आठवड्यानं परीक्षा असेल तर दोन अभ्यासांमध्ये एक-दोन दिवसांचं अंतर पुरतं. वर्षभर लक्षात ठेवायचं असेल तर तीन ते पाच आठवड्यांचं. परीक्षा महिन्यावर असेल तर एका भागासाठी असा क्रम व्यवहारात बसतो: आज वाचन आणि कोरा कागद, मग दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, बाराव्या दिवशी, बाविसाव्या दिवशी आणि शेवटी परीक्षेच्या आदल्या दिवशी ओझरती नजर. पहिली उजळणी दहा मिनिटांची असली तर चौथी चार मिनिटांत होते. एकूण वेळ तेवढाच लागतो, फक्त तो एका रात्रीत न जाता महिनाभर पसरतो.

हे सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही. वहीच्या शेवटच्या पानावर धड्यांची यादी करा, समोर उजळणीच्या पाच तारखा लिहा, झाली की खूण करा. रोजच्या अभ्यासाची पहिली तीस मिनिटं जुन्याची, मगच नवीन भाग. उलट क्रम लावला की नवीन भाग लांबतो आणि उजळणी रोज उद्यावर जाते. एखादी तारीख चुकली तर पूर्ण तक्ता पुढे ढकलू नका. तेवढी एक उजळणी जमेल तेव्हा करा आणि बाकीच्या तारखा तशाच ठेवा.

गणित, भौतिकशास्त्र, हिशेब: सोडवायचे विषय

इथे वाचून काहीच होत नाही, हे सगळ्यांना पटतं. तरी प्रत्यक्षात काय होतं? सोडवलेलं उदाहरण वाचलं, प्रत्येक पायरी कळली, पुढचं उदाहरण वाचलं. दुसऱ्यानं सोडवलेलं गणित कळणं आणि स्वतः सुरुवात करणं यात फार अंतर आहे. सोडवलेल्या उदाहरणाचं उत्तर कागदानं झाका. पहिली पायरी स्वतः लिहा, मग कागद एक ओळ खाली सरकवून ताडून बघा. पुढची पायरी, पुन्हा ओळ. प्रत्येक ओळीला विचारा की हीच पायरी का, दुसरी का नाही. अशी दोन-तीन उदाहरणं झाली की पुस्तक मिटून तीच पूर्ण सोडवा, आणि मगच स्वाध्यायाकडे वळा.

एखादं गणित अडलं तर दहा मिनिटं तरी स्वतः झुंजा. दिलेली माहिती वेगळी लिहा, काढायचं काय ते लिहा, आकृती काढा, सोप्या संख्या घालून पाहा. दहा मिनिटांत हलत नसेल तर उत्तराची फक्त पुढची एक ओळ बघा आणि पुन्हा स्वतः लागा. पूर्ण उत्तर बघितलं असेल तर त्या गणितावर खूण करा आणि दोन दिवसांनी ते न बघता सोडवा. जे गणित उत्तर बघून 'समजलं' ते अजून आलेलं नाही, असंच धरून चाला.

दुसरी गोष्ट मिसळण्याची. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाखाली एकाच प्रकारची वीस गणितं असतात. पाचव्या गणितापासून डोकं बंद होतं. सूत्र तेच, फक्त आकडे बदलायचे. परीक्षेत मात्र कोणतं सूत्र लावायचं हे प्रश्नावर लिहिलेलं नसतं. टाकीत किती लीटर पाणी मावेल हा घनफळाचा प्रश्न आणि त्याच टाकीला बाहेरून किती रंग लागेल हा पृष्ठफळाचा, हे ओळखणं हेच अर्धं काम आहे, आणि त्याचाच सराव एका प्रकरणाखालच्या स्वाध्यायात होत नाही. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या घनफळावर नेमकं हेच तपासलं. एकेक प्रकार ओळीनं सोडवणाऱ्यांची सरावातली उत्तरं ८९ टक्के बरोबर होती, प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत मिसळून सोडवणाऱ्यांना ६३ टक्के आली आणि ओळीनं सोडवणाऱ्यांना फक्त २०.

करायचं ते असं. नवीन प्रकार शिकताना पहिली चार-पाच गणितं एकाच प्रकारची सोडवा. त्यानंतर आधीच्या प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरवा, किंवा नुसते प्रकरण आणि गणित क्रमांक लिहा, चिठ्ठ्या मिसळा आणि रोज सहा काढा. उत्तर चुकण्याचं प्रमाण वाढेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

चुकांची वही

वेगळी, पातळ, याच कामासाठी ठेवलेली वही. चुकलेलं प्रत्येक उत्तर इथे तीन ओळींत उतरतं: काय लिहिलं, बरोबर काय, आणि नेमकं कुठे घसरलं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि ती लिहिताना सगळ्यात जास्त पळवाट काढली जाते. 'सिली मिस्टेक' हे कारण नाही. तसं लिहिलं की ती चूक पुढच्या पेपरातही येते.

उदाहरणार्थ, ३ − २(क्ष − ४) = ५ हे समीकरण. लिहिलं गेलं ३ − २क्ष − ८ = ५ आणि उत्तर आलं क्ष = −५. बरोबर मांडणी ३ − २क्ष + ८ = ५, म्हणून क्ष = ३. तिसऱ्या ओळीत 'चिन्ह चुकलं' एवढं लिहून भागत नाही. 'कंसाबाहेरचा वजा पहिल्या पदाला लावला, दुसऱ्याला लावला नाही' असं लिहा, आणि त्याखाली उपाय: 'कंसाबाहेर वजा दिसला की आतल्या प्रत्येक पदाकडे बाण काढायचा, शेवटी उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं.' −५ घालून बघितलं असतं तर डावी बाजू २१ आली असती आणि वीस सेकंदांत चूक हाती लागली असती.

महिन्याभरात वही चाळली की दिसतं, चुका शंभर असल्या तरी प्रकार सहा-सात. कुणाची चिन्हं चुकतात, कुणी एककं लिहीत नाही, कुणी 'कोणतेही दोन' असताना तिन्ही लिहून वेळ घालवतं, कुणी 'फरक स्पष्ट करा' ला दोन्हींचं वेगवेगळं वर्णन करून येतं. आपले सहा-सात प्रकार माहीत असणं ही पेपराला जातानाची सगळ्यात चांगली तयारी.

रेघा, नोट्स, व्हिडिओ

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पडताळल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतरानं उजळणी करणं या दोन सर्वांत उपयोगी ठरल्या. हायलायटरनं रंगवणं आणि पुन्हा वाचणं तळाला गेलं. रंगवायचंच असेल तर भाग पूर्ण वाचून झाल्यावर, एका परिच्छेदात एकच ओळ.

नोट्स पुस्तक समोर ठेवून काढल्या की ती नक्कल होते, अक्षर कितीही सुंदर असलं तरी. आधी न बघता लिहा, मग पुस्तकातून पुरवणी जोडा. पानाच्या डाव्या बाजूला चार बोटांची पट्टी मोकळी सोडून तिथे प्रश्न लिहा आणि उजवीकडे उत्तर. उजळणीला उजवी बाजू झाकली की झालं. व्हिडिओ समजून घ्यायला चांगले, पण दर सात-आठ मिनिटांनी थांबवून दोन ओळी लिहिल्या नाहीत तर तेही वाचण्यासारखंच वाहून जातं. चौघांनी मिळून अभ्यास करायचा असेल तर शिकायला नको, एकमेकांना प्रश्न विचारायला बसा, आणि तेही प्रत्येकाचा भाग वाचून झाल्यावर.

वेळापत्रक, जे तिसऱ्या दिवशी मोडत नाही

वेळापत्रक मोडतं ते आळसामुळे कमी आणि अंदाज चुकल्यामुळे जास्त. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस जवळजवळ नेहमी कमीच धरतो. म्हणून आधी मोजा. एक धडा खरोखर वाचून, कोरा कागद करून, दुरुस्त करायला किती मिनिटं लागली ते दोन-तीन धड्यांवर घड्याळ लावून बघा. समजा, सरासरी दीड तास. चोवीस धडे असतील तर छत्तीस तास. त्यात उजळणीसाठी निम्मे आणखी, म्हणजे चौपन्न. रोज अडीच तास मिळत असतील तर साधारण बावीस दिवस. आठवड्यातला एक दिवस रिकामा ठेवा. आजारपण, पाहुणे, राहिलेलं काम त्यात जातं. मग पंचवीस-सव्वीस दिवस लागतील. आकडा हातातल्या दिवसांपेक्षा मोठा आला तर ते आजच कळलेलं बरं. त्या वेळी सगळं वरवर करण्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिकांत जास्त गुणांचे जे धडे दिसतात ते पूर्ण करा आणि उरलेल्यांच्या फक्त व्याख्या, सूत्रं, आकृत्या घ्या.

वेळापत्रकात 'सहा ते आठ इतिहास' असं लिहू नका. दोन तास बसलं की ते पूर्ण झाल्यासारखं वाटतं, हाती काही लागो न लागो. 'इतिहास, प्रकरण चार, पहिला भाग, कोरा कागद आणि लाल दुरुस्ती' असं लिहा. संपलं की उठा.

बैठक पंचवीस ते चाळीस मिनिटांची, मध्ये पाच-सात मिनिटं. त्या पाच मिनिटांत फोन हातात घेतला की ती पंचवीस होतात. उभं राहा, चाला, खिडकीबाहेर बघा. फोन सायलेंट करून उलटा ठेवणं पुरत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा. मध्येच काही आठवलं, कुणाला उत्तर द्यायचं आहे, काही शोधायचं आहे, तर शेजारच्या चिठ्ठीवर लिहा आणि बैठक संपल्यावर करा. सुरुवातच होत नसेल तर 'संध्याकाळी अभ्यास करेन' ऐवजी 'जेवणाचं ताट ठेवलं की टेबलाशी बसून कालचे लाल मुद्दे लिहीन' असं ठरवा. ठरलेल्या कृतीला जोडलेलं काम जास्त वेळा होतं.

सराव पेपर

जुन्या प्रश्नपत्रिका शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायच्या नसतात. पहिली अगदी सुरुवातीला नुसती वाचा, म्हणजे कोणत्या धड्याला किती गुण, प्रश्न कसे विचारतात ते कळेल आणि वाचताना नजर त्या दिशेनं जाईल. निम्मा अभ्यास झाला की एक पेपर वेळ न लावता सोडवा. शेवटच्या तीन आठवड्यांत प्रत्येक विषयाचे किमान तीन पेपर पूर्ण वेळ लावून, एका बैठकीत, हातानं लिहून. सलग तीन तास लिहिण्याची सवय हातालाही लागते. ती नसली तर शेवटच्या तासात अक्षर आणि वेग दोन्ही ढासळतात.

तपासताना उदार होऊ नका. गुणदानाचे मुद्दे उपलब्ध असतील तर ते समोर ठेवा आणि मुद्दा लिहिलेला असेल तरच गुण द्या. 'मला हेच म्हणायचं होतं' याला गुण नाहीत. मग गेलेले गुण चार रकान्यांत वाटा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. चारही रकान्यांवर उपाय वेगळे आहेत. पहिला मोठा असेल तर अजून शिकायचं बाकी आहे, दुसरा असेल तर उजळणी कमी पडते, तिसरा असेल तर प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारायची सवय लावा, आणि चौथा असेल तर आणखी धडे वाचून काही होणार नाही, घड्याळ लावून लिहायलाच हवं.

झोप आणि आदला दिवस

दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, मोठ्यांना किमान सात. रात्र जागून चार धडे जास्त वाचले तर सकाळी ते चार धुरकट आठवतात आणि आधी पक्के असलेलेही अडखळतात; शिवाय थकलेल्या डोक्याला प्रश्न चुकीचा वाचायला वेळ लागत नाही. कॅफीनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनीही शरीरात उरतो, त्यामुळे संध्याकाळनंतरची कॉफी झोपेतून वसूल होते.

आदल्या दिवशी नवीन काही उघडू नका. लाल मुद्द्यांची फाइल, पहिल्या पाकिटातली कार्डं, चुकांची वही, एवढंच. प्रवेशपत्र, पेनं, कंपास, घड्याळ रात्रीच भरून ठेवा.

पेपर हातात आल्यावर

शंभर गुणांचा तीन तासांचा पेपर घ्या. १८० मिनिटांतली १० वाचायला आणि १५ तपासायला काढली की १५५ उरतात, म्हणजे एका गुणाला दीड मिनिट. पाच गुणांचं उत्तर साडेसात मिनिटांत, दहा गुणांचं पंधरात. हा हिशेब घरीच करून ठेवा. वेळ संपली की दोन ओळी मोकळ्या सोडून पुढे जा. एका उत्तराच्या पाचव्या गुणासाठी खर्च केलेली दहा मिनिटं शेवटच्या अख्ख्या प्रश्नाच्या वाट्याची असतात.

पहिल्या वाचनात प्रत्येक प्रश्नासमोर बारीक खूण करा: पक्कं येतं, थोडं येतं, येत नाही. पक्क्यापासून सुरू करा. मोठ्या उत्तराआधी रफ कामाच्या जागी एक मिनिट मुद्दे टाका. त्यानं उत्तर भरकटत नाही. गणितात उत्तर येत नसेल तरी सूत्र, किंमती आणि जमलेल्या पायऱ्या लिहा, कारण अनेक परीक्षांत पायऱ्यांनाही गुण असतात.

मध्येच डोकं कोरं झालं तर पेन खाली ठेवा, चार-पाच सावकाश श्वास घ्या, श्वास सोडताना जास्त वेळ लावा. मग घरी कोऱ्या कागदावर अडल्यावर करत होता तेच करा: आकृती कुठे होती, आधी काय होतं, उदाहरण कोणतं. तरीही येत नसेल तर दुसरा प्रश्न घ्या. बऱ्याचदा तो लिहिता लिहिता पहिला आठवतो.

शेवटच्या पंधरा मिनिटांत उत्तरं पुन्हा वाचत बसू नका. प्रश्नांचे क्रमांक, सुटलेले उपप्रश्न, एककं, चिन्हं, आकृत्यांना दिलेली नावं आणि आपल्या चुकांच्या वहीतले ते सहा-सात प्रकार, एवढंच शोधा. पेपर झाल्यावर दाराबाहेर उत्तरं जुळवू नका, पुढच्या विषयाची फाइल काढा. आणि तपासलेली उत्तरपत्रिका हातात आली की एकूण गुणांच्या आकड्यावर न थांबता गेलेला प्रत्येक गुण त्याच चार रकान्यांत घाला. पुढच्या परीक्षेचं वेळापत्रक तिथूनच आखता येतं.